बाईचं पथ्य आणि भाऊची पुनव

आमच्या घरात माणसं चार होती आणि जेवायला दोघीच बसायच्या, खाला आणि मी. दामूभाऊ ड्युटीवरून आले की तिसरं ताट पडायचं. चौथं ताट त्या घरात नव्हतंच. हे मला पहिल्याच संध्याकाळी दिसलं होतं, पण दुसऱ्याच्या घरी राहायला आलेली मुलगी ताटं मोजत नाही. आपल्या ताटात भात पडला की मान खाली घालून जेवते. त्या दिवशी आंबाडीची भाजी आणि सुकी मासळी होती. वाढत होती ती मोठीबाई. भाजीचा पहिला घास मी घेतला तशी ती चुलीजवळून म्हणाली, "मीठ बरोबर आहे का वो? मले समजत नाई." मी हो म्हटलं. इतकी चांगली आंबाडी मी त्याआधी खाल्ली नव्हती, आणि ती करणाऱ्या बाईनं ती जिभेवर ठेवूनही पाहिली नव्हती.

मी भामरागडला कशी आले ते थोडक्यात सांगते. आई आणि बाबा एकाच उन्हाळ्यात काविळीनं गेले. बाबा चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरला वीज केंद्राच्या ठेकेदाराकडे मजुरीला होते. आम्ही क्वार्टरांच्या मागच्या वस्तीत राहायचो. तिथेच काकाही राहायचा. काकाच्या दीड खोलीत त्याची पाच माणसं होती, सहावी मी. काकू वाईट नव्हती, पण रात्री सगळे आडवे झाले की कोणी कुशीवर वळलं तरी सगळ्यांना वळावं लागे. आईची एक मैत्रीण होती, जैनब, तीच माझी खाला, म्हणजे मावशी. दोघी चंद्रपुरात एकाच बाईकडे शिवण शिकल्या होत्या. जैनब लग्न होऊन भामरागडला गेली, नवरा वारला, तरी बांगड्यांचं दुकान आणि शिलाई मशीन घेऊन ती तिथेच राहिली. आई गेल्याचं कळल्यावर ती आली, काकूशी दोन शब्द बोलली आणि मला म्हणाली, "चल बेटा, तुया आईनं माया जवळ तुले ठेवलं असतं." मी दहावी पास झाले होते. बॅगेत दोन ड्रेस आणि बुद्धाची तसबीर होती.

आल्लापल्लीपासून पुढे बस जंगलात शिरली की बाहेर बघण्यासारखं काही उरत नाही, झाडंच झाडं. त्या बसचे कंडक्टर दामूभाऊ होते. ते खालाच्या घरी भाडेकरू आहेत हे मला उतरल्यावर कळलं. बस थांबली तसे स्टँडवरचे सगळे कुत्रे धावत आले आणि त्यांच्यासमोर ओळीनं बसले, शाळेत गुरुजी आल्यासारखे. भाऊ ओशाळले. "जा रे, जा," म्हणाले, आणि माझी बॅग उचलून झपाझप चालू लागले.

मोठीबाई मागच्या कोठीत राहायची. त्या कोठीला खिडकी नव्हती. दिवसभर कोठीचं दार आतून बंद. ऊन उतरलं, नदीकडून वटवाघळं निघाली की ती बाहेर यायची, चूल पेटवायची आणि घर एकदम जागं व्हायचं. चाळिशीची दिसायची. उंच, काळीसावळी, हात नेहमी गार. चंद्रपूरला ती चांदा म्हणायची आणि तिथल्या गोंडराजांच्या परकोटाचे दगड रचताना आपण पाहिले असं सहज बोलून जायची. मला वाटायचं, डागडुजीबद्दल बोलत असेल. बाजाराच्या दिवशी खाटकाकडून तिच्यासाठी डबा भरून बकऱ्याचं रक्त यायचं. त्याचंही मला नवल वाटलं नाही, आमच्याकडे रक्ती सगळेच करून खातात. फक्त ते रक्त चुलीवर चढताना मी कधी पाहिलं नाही.

मला कळलं ते आरशामुळे. खालाच्या दुकानात उभा आरसा होता, गिऱ्हाइकांना ब्लाउज अंगाला लावून बघण्यासाठी. एका संध्याकाळी मी त्यात बघून केस विंचरत होते. मागून कुणीतरी हातातली फणी घेतली आणि माझा भांग सरळ करू लागलं. आरशात मी होते. माझे केस आपोआप दोन्हीकडे होत होते. फणी हवेत चालली होती. कानाजवळ मोठीबाईचा आवाज आला, "हालू नको ना पोरी, भांग वाकडा जाते." आणि त्याच क्षणी दुसरी गोष्ट ध्यानात आली. ती माझ्या मानेमागे इतकी जवळ उभी होती, तरी तिचा श्वास लागत नव्हता. तो नव्हताच.

रात्री खालानं मला जवळ बसवून सगळं सांगितलं. मशीन चालवत चालवत, एखाद्याचा दमा किंवा आंधळेपणा सांगावा तसं. मोठीबाईला अन्न चालत नाही, रक्तच चालतं, आणि ऊन लागलं की अंग जळतं. पुस्तकात अशा बाईला काय म्हणतात ते मला आता माहीत आहे, पण आमच्या घरात तो शब्द कोणी उच्चारला नाही. आम्ही 'बाईचं पथ्य' म्हणायचो. "पहिल्यांदा दुकानात आली तवा मीपण भ्याली होती," खाला म्हणाली. "आरशात दिसे ना. मंग मी म्हटलं, बांगड्या तं हातात भरायच्या आहेत, आरशात थोड्याच भरायच्या! दोन डझन घेतल्या तिनं."

"आणि दामूभाऊ?" मी विचारलं. कुत्र्यांची ओळ मला आठवली होती.

खालानं पाय थांबवला. मशीन बंद पडली. "त्याचं निराळं आहे. त्याची पुनव राहते."

दामूभाऊंना लहानपणी गुरं चारताना लांडगा चावला होता. सरकारी दवाखान्यात पोटात सुया घेतल्या, त्यामुळे ते पिसाळण्यातून वाचले. पण सुया एका गोष्टीवर होत्या, दुसरीवर त्यांचा इलाज नव्हता. दर पुनवेला ते रजा टाकायचे आणि दिवस बुडायच्या आत गोठ्यात जाऊन बसायचे. खाला बाहेरून साखळी लावायची. पहिल्या पुनवेला मी भिंतीला पाठ लावून बसले होते. गोठ्यातून आधी दामूभाऊंचा खोकला येत होता, माणसाचा. मग नखं ओढल्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही, आणि त्यानंतर जो आवाज उठला तो ऐकून नदीपलीकडच्या जंगलातून कोणीतरी उत्तर दिलं. सकाळी भाऊ लाजून बाहेर आले, पातेलंभर भात खाल्ला आणि खाकी शर्टाची बटणं लावत मला म्हणाले, "झोप झाली नाई ना तुयी? माफ कर बरं."

पहिले काही आठवडे मी डोळे उघडे ठेवूनच पडून राहायचे. पळून जायचं मनात यायचं, पण जाणार कुठे? काकाच्या घरी माझी जागा एव्हाना धाकट्यानं घेतली असणार. मोठीबाई उंबऱ्यात बसलेली असायची. अंधारात तिचे डोळे नदीतल्या माशासारखे चमकायचे. एकदा मी धीर करून विचारलं, "तू अशी काऊन बसतेस?" ती म्हणाली, "बाहेरून कोणी येऊ नये म्हणून." मला हसू आलं. तिच्याहून भयंकर असं बाहेर कोण असणार? पण त्या रात्री मला झोप लागली.

हळूहळू भीती घरातल्या वासासारखी झाली, येणाऱ्याला जाणवावी, राहणाऱ्याला नाही. सकाळी मशीनची खडखड, दुपारी बांगड्यांची किणकिण, संध्याकाळी फोडणी. मोहाची फुलं पडायची तेव्हा सगळ्या गावाला गोड, आंबूस वास यायचा आणि दामूभाऊ दिवसभर शिंकायचे. माझ्या तसबिरीला खालानं भिंतीवर खिळा ठोकून दिला होता. मोठीबाई तिच्यासमोरून आरामात जायची. म्हणायची, "बाकीच्या देवाईले मी चालत नाई. हा डोळे मिटून बसते, याचं बरं आहे." बाहेरून बारावी करायला तिनंच मला लावलं. मी वाचत बसले की ती ऐकत बसायची. हृदयाचे चार कप्पे आणि रक्त कसं फिरतं हा धडा तिनं मला तीनदा वाचायला लावला आणि शेवटी म्हणाली, "बराबर लिवलं आहे." माझा गडचिरोलीला नर्सिंगला नंबर लागला तेव्हा तिनं पहाट होईपर्यंत पुऱ्या तळल्या. तेवढ्या पुऱ्या खाणारं घरात कोणी नव्हतं, दामूभाऊ सोडून.

त्याच पावसाळ्यात काका आला. दामूभाऊंच्याच बसनं, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. माझा काका दुष्ट माणूस नव्हता, हे मी आजही सांगेन. तो थकलेला होता. त्यानं माझ्यासाठी स्थळ आणलं होतं. वणीकडचा माणूस, बायको वारलेली, दोन लेकरं, स्वतःचा ट्रक. "तुया बापाच्या माघारी माया डोक्यावर आहे हे," तो म्हणाला. "उद्याच्या गाडीनं निघू." पण सकाळी बस सुटली तेव्हा मी खालाच्या सांगण्यावरून दुकानाच्या मागे लपून बसले होते. काकानं मला शोधेपर्यंत बस गेली, आणि दुपारी पर्लकोटा नदीवरचा पूल पाण्याखाली गेला. आता भामरागडातून कोणी बाहेर जाणार नव्हतं, कोणी आत येणार नव्हतं.

भामरागड बेट होतं तेव्हा काय होतं ते तिथं राहिल्याशिवाय कळत नाही. लाइट जाते. फोन मरतो. गावाभोवतीच्या तीन नद्यांचा आवाज एक होतो आणि तो झोपेतही थांबत नाही. भर दुपारी दिवा लावावा लागेल इतकं आभाळ खाली येतं. बाजार भरला नाही. खाटीक पलीकडच्या काठावर अडकला. मोठीबाईचा डबा रिकामा राहिला. पहिल्यांदा खालाच्या कोंबड्या एकामागून एक आजारी पडल्या. काका रोज कोंबडीचा रस्सा जेवायचा आणि म्हणायचा, "कोंबड्याईचं रक्तच नाई राह्यलं वाटते. लइच पांढरं मटन." खाला खाली बघून भाकरी थापायची. मग कोंबड्याही संपल्या.

एका दुपारी मी बाहेरच्या खोलीत आले तर काका खाटेवर घोरत होता आणि मोठीबाई त्याच्या उशाशी उभी होती. आभाळ इतकं काळं होतं की ती दिवसा कोठीबाहेर येऊ शकली होती. तिचा चेहरा आत ओढल्यासारखा झाला होता, ओठ दातांना चिकटलेले. ती त्याच्याकडे बघत नव्हती. मान कलती करून ऐकत होती. दाराआडून पाणी वाहताना ऐकावं तशी.

"मोठीबाई," मी म्हटलं.

तिनं मान वळवली. मला ओळखायला तिला थोडा वेळ लागला. तो थोडा वेळ मी जन्मात विसरणार नाही.

"माया कोठीले बाहेरून कडी लाव," ती म्हणाली. "खालाले सांगू नको." मी लावली.

पुनवेच्या दिवशी पाऊस थांबला. आभाळ तसंच भरलेलं होतं, पण नदी थोडी संथ झाली. पलीकडे दामूभाऊंची बस येऊन थांबल्याचं गावात कळलं. लालसू नावाच्या माडिया माणसाचा डोंगा माणसं पलीकडे नेऊ लागला होता. काकानं माझी बॅग भरली. मी नाही म्हटलं. खाला आडवी उभी राहिली. "नंबर लागला आहे तिचा, भाऊ. सरकारी शिक्षण आहे. तिच्या आईचं मन होतं."

"तुमी कोण व सांगणाऱ्या?" काका ओरडला. इतक्या दिवसांचा कोंडमारा त्याच्या आवाजात होता. "माया भावाची पोर आहे. रक्ताचं नातं आहे माया!"

कोठीतून आवाज आला, "रक्ताचं मले सांगू नका."

कडी बाहेरून लावलेली होती. ती जागच्या जागी वाकली, मग तुटली. काकानं दचकून तिकडे पाहिलं, पण माझं मनगट सोडलं नाही. मला ओढतच तो चिखलातून नदीकडे निघाला. मी मागे वळून पाहिलं. मोठीबाई घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन आमच्या मागून येत होती, मागून खाला. दुपारची वेळ. गल्लीतले कुत्रे चूप झाले होते. आभाळात ढगांची शिवण पूर्वेकडून उसवायला लागली होती आणि आमच्यात ती फक्त मोठीबाईला दिसत होती.

घाटावर पोचलो तेव्हा लालसू वल्हं धरून उभा होता. काकानं एक पाय डोंग्यात टाकला. तेवढ्यात मोठीबाईनं माझं दुसरं मनगट धरलं. तिचा हात नेहमीपेक्षा गार होता.

"पोरीले विचारा," ती म्हणाली.

"तिले काय विचारायचं?"

"विचारा तिले."

आणि ऊन पडलं. पावसाळ्यातलं धुतलेलं, पांढरं, चांगलं ऊन. नदी एकदम चमकली. मोठीबाईचा हात खोळीबाहेर होता. आधी धूर निघाला, अगरबत्तीइतका बारीक. मग वास आला. मी ओरडले, "सोड, मोठीबाई, सोड ना!" तिनं सोडलं नाही. तिची कातडी पळसाच्या वाळल्या पानासारखी काळी होऊन वळू लागली होती, आणि ती शांतपणे काकाकडे बघत होती. काकाला त्या हातातलं काय समजलं मला माहीत नाही. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. त्याचीच बोटं सुटली.

"मले नाई जायचं, काका," मी म्हटलं. "मी या घरची आहे."

लालसूनं माझ्याकडे पाहिलं, मोठीबाईच्या हाताकडे पाहिलं आणि काकाला म्हणाला, "तुम्ही एकटेच बसा." त्यानं डोंगा लोटला. मी ओढणी मोठीबाईच्या हातावर टाकली, खालानं आपली साडी तिच्या डोक्यावर धरली, आणि आम्ही दोघींनी तिला मध्ये घेऊन घर गाठलं. रस्ताभर खाला तिला शिव्या देत होती आणि रडत होती.

कोठीत दिवा लावला. हात कोपरापर्यंत जळला होता. खाला पाणी आणायला गेली. मला ठाऊक होतं की पाण्यानं काही होणार नाही. मी बाही वर केली आणि हात तिच्यासमोर धरला. ती भिंतीला सरकली. "नाई."

"घे."

"मले थांबता नाई आलं तं?"

"येईल," मी म्हटलं, आणि मला तसं खरंच वाटत होतं की नाही हे आजही सांगता येणार नाही.

पावसाळ्यात पायाला जळू लागते, तेवढंच दुखलं. मग गारवा खांद्यापर्यंत चढला. कानात नदी भरून आली. माझ्या छातीचा ठोका मला बाहेरून, तिच्या बाजूनं ऐकू येऊ लागला. दिवा लांब जाऊ लागला. मी तिला हाक मारायचं ठरवलं, पण तिचं नाव मला माहीत नव्हतं, घरात सगळेच मोठीबाई म्हणत. म्हणून मी "आई" म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

ती थांबली. तोंड भिंतीकडे करून बसली. तिकडे बघतच म्हणाली, "असं आणखी चौघीईनं म्हटलं होतं मले."

"कोण चौघी?"

"पोरी. तुयासारख्या. वाढवल्या मी."

"कुठी आहेत त्या?"

"म्हाताऱ्या झाल्या. मेल्या." खाला पाणी घेऊन आली तशी मी बाही खाली ओढली.

काकाचं काय झालं ते दामूभाऊंनी पूल उघडल्यावर सांगितलं. पलीकडे उतरून काका सरळ बसमध्ये जाऊन बसला. बस सकाळी निघणार होती, ड्रायव्हर गावात मुक्कामाला गेला होता. कंडक्टरचा पत्ता नव्हता, कारण दिवस बुडत होता, पाणी पुन्हा चढल्यानं डोंगा बंद झाला होता आणि गोठा, साखळी, खाला सगळं नदीच्या या काठाला होतं. भाऊ जंगलात शिरले होते. "मले आठवते थोडं थोडं," ते भाताचा घास हातात धरून म्हणाले. "त्याच्या हाताले तुया हाताचा वास होता. मले वाटलं, तू आहेस आत. म्हणून मी बसजवळून हाललो नाई, राखण करत बसलो. तो मंग टपावर चढला. रातभर तिथीच होता बिचारा." सकाळी भाऊ खाकी कपडे घालून आले, काकाला हात देऊन खाली उतरवलं आणि आल्लापल्लीचं तिकीट फाडून दिलं. काका पुन्हा कधी आला नाही. माझ्या लग्नात मात्र त्याचा आहेर आला, तोही मोठा.

मी गडचिरोलीला शिकले, तिथेच दवाखान्यात लागले. आता नोकरी संपत आली आहे. खाला जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्यात मातीला बायका जात नाहीत, पण त्या रात्री कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर कोणीतरी उजाडेपर्यंत उभं होतं, असं राखणदार सांगतो. दामूभाऊ पेन्शनीत आहेत. पुनवेला आता साखळी लागत नाही, अंगणात पांघरूण घेऊन पडतात आणि नुसतं गुरगुरतात.

मोठीबाई वर्षातून दोनदा येते, दिवस बुडाल्यावर. उजवा हात कोपरापर्यंत अजून काळा आहे. चेहरा तसाच, चाळिशीचा. शेजारीण परवा मला म्हणाली, "मुलगी आली होती का तुमची? चेहरा सारखा आहे." मागच्या खेपेला ती माझ्यामागे बसून पांढरे केस विंचरत होती. मध्येच थांबली. माझ्या मानेजवळ वाकून तिनं हुंगलं.

"तुयं रक्त गोड झालं वो," ती म्हणाली. "गोळ्या घेत नाईस तू."

मी काहीतरी सबब सांगितली. तिनं माझा खांदा धरून मला आपल्याकडे वळवलं. इतक्या वर्षांत मी तिला रागावलेलं पाहिलं नव्हतं.

"चार पोरी मातीत घातल्या मी," ती म्हणाली. "पाचवीची मले घाई नाई. उठ. गोळी घे."